खाबुऱ्याच्या मैदानात मी सोडलेला नट

मी फार बोलतो, हे मला ओळखणारं कुणीही सांगेल. मस्कतमध्ये चार मराठी माणसं जमली आणि माइक रिकामा दिसला, की तो माझ्या हातात असतो. लिहितोही तसंच. तावातावाने, बोट रोखून. पण त्या सगळ्या बोलण्यात आणि लिहिण्यात एक सकाळ कुठेच आलेली नाही. बाबांना ती माहीत नाही, आईला नाही. जिचं त्या सकाळी नुकसान झालं तिला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? — खरंच कळत नाही. कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून.

आधी थोडं माझ्याबद्दल. हे टाळणं आहे का? असेल. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

मी वाढलो मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस या भागात. शाळेत आम्ही पोरं इंग्रजीत बोलायचो, दुकानात हिंदीत, घरात मराठी होती ती जेवण वाढण्यापुरती. वाचायची-लिहायची मराठी मला आली ती पत्रकांतून. बाबा दर सुट्टीनंतर भारतातून परत येताना बॅगेत पापड आणि चटण्यांच्या मधे पत्रकं, पुस्तिका, परिषदांचे ठराव घेऊन यायचे, आणि शुक्रवारी सकाळी मला समोर बसवून ते मोठ्याने वाचायला लावायचे. भोपळी मिरचीला मराठीत काय म्हणतात हे माहीत नसलेल्या वयात मला ‘धिक्कार’ आणि ‘एल्गार’ न चुकता लिहिता येत होतं. पत्रकात ‘आम्ही’ असतो, ‘ते’ असतात. ‘मी’ शोधून सापडत नाही. म्हणून आत्ता हात अडखळतो आहे — ज्या वाक्याचा कर्ता मी आहे आणि कर्म वाईट आहे, असं वाक्य लिहायची सवयच नाही मला.

तर, सुप्रियाताई.

ताई इथल्या आमच्याच बौद्ध मंडळातली. मस्कतला लागून असलेल्या अमेरातला राहते, नवरा तेलाच्या कंपनीत, एक मुलगी, अन्वी. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर, पण इथे एका ऑफिसात एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढत बसायची. मी इंजिनियर होऊन त्याच ऑफिसात लागलो आणि तिच्या शेजारचं टेबल मला मिळालं. पहिल्याच दिवशी तिने माझ्या स्क्रीनकडे बघून म्हटलं होतं, “भाषणं छान करतोस रे. पण हा डक्ट भिंतीतून कसा जाणार, ते भिंतीला विचारलंस का?”

मस्कतपासून दोनेक तासांवरच्या खाबुऱ्यात आमच्या ऑफिसचं एका इमारतीचं काम होतं. तिथे जाता-येता खलफानशी ओळख झाली. खलफान तिथलाच, ओमानी. रस्त्याला लागून त्याचं गॅरेज. हिंदी आपल्यापेक्षा चांगली बोलतो. गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये त्याच्या वडिलांची गाडी उभी होती — सत्तरच्या दशकातली अमेरिकन, बॉनेट एवढं लांब की त्यावर दोन माणसं आडवी झोपतील, पोटात व्ही-एट इंजिन, वजन दोन टनांच्या आसपास. सरळ रस्त्यावर जहाजासारखी जायची. वळण आलं की मात्र नाक तसंच पुढे, आणि सगळं अंग एका बाजूला झुकलेलं. ताईने तिला बघताक्षणी ‘म्हैस’ म्हटलं. खलफानला ते कळलं. तो पोट धरून हसला — “मेरे बाप की गाडी को भैंस बोलती है ये दीदी!”

थंडीच्या दिवसांत दर काही शुक्रवारांनी तिथल्या एका मोकळ्या मैदानात खलफान आणि त्याचे दोस्त ऑटोक्रॉस भरवायचे. म्हणजे काय, तर डांबरावर केशरी प्लास्टिकचे कोन्स मांडून नागमोडी वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची, आणि घड्याळ लावायचं. कोन पाडला की वेळेत दंड. त्यात छोट्या जपानी गाड्या शेरडांसारख्या उड्या मारत जायच्या. म्हैस पहिल्याच वळणाला हसं करून घ्यायची. खलफानला ते लागायचं. वडिलांची गाडी ना! तो ताईला म्हणाला, हिला वळायला शिकव.

“वळेल की,” ताई म्हणाली. “हिचं वजन कुठे पळतं, तेवढं सांभाळायचं.”

तो हिवाळा मी आयुष्यात विसरणार नाही. शुक्रवारी पहाटे अमेरातहून निघायचं, बातिनाच्या किनारी रस्त्याने खाबुऱ्याला पोचायचं, खलफानकडचा कावा — इथली बिनदुधाची वेलचीची कॉफी — प्यायचा आणि गाडीखाली शिरायचं. पुढची बॅटरी आम्ही डिकीत नेली. पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या, शॉक-अब्सॉर्बर बदलले, पुढच्या चाकांचा कल बदलला. आणि शेवटी मागे एक जाड अँटी-रोल बार लावायचं ठरलं. एक आडवी लोखंडी दांडी असते ती, वळताना गाडीला झुकू देत नाही. मागचा बार जाड केला, की वळणात गाडीचं मागचं टोक बाहेर यायला बघतं आणि नाक आत वळतं. तेच आम्हाला हवं होतं. पण ते जास्त झालं तर गाडी गरकन फिरते. बार किती जाड हवा हे ताईने काढलं. मला तो फार जाड वाटला.

“तुला मागून कुणी ढकललं की भीती वाटते, सुजात,” ती म्हणाली.

“मला म्हैस उलटायची भीती वाटते, ताई.”

“म्हैस उलटत नाही रे. फार तर बसते.”

बार लागला. सरावाच्या दिवशी मी चालवली तेव्हा मागचं टोक सुटलं, गाडी फिरली आणि मी उलट्या तोंडाने थांबलो. त्यानंतर ताई बसली. वळणाच्या आधी तिने पाय नेमका उचलला, शेपूट जरासं बाहेर आलं, नाक कोनाला चाटून आत गेलं — आणि ती सुसाट निघून गेली. म्हैस नाचली हो! खलफानने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या का? तेव्हा वाटलं होतं, हो.

त्या दिवशी खलफान तिला म्हणाला, “दीदी, पुढच्या शुक्रवारी माझी सगळी गिऱ्हाइकं येतील. त्यांच्याकडे अशाच जुन्या गाड्या आहेत. त्यांना ही अशी वळताना दिसू दे. मग अर्धं गॅरेज तुझं, सस्पेन्शनचं सगळं काम तू बघ.” हे तो हिंदीत म्हणाला, आणि त्याने ‘इन्शाल्ला’ — इथला बहुतेकदा गोड नकार — लावलं नव्हतं, हे ताईने परतीच्या रस्त्यावर मला मुद्दाम दाखवून दिलं. डक्टची ड्रॉइंग सोडायचं तिने ठरवूनच टाकलं होतं. सोहारकडून येणाऱ्या ट्रकांच्या मागे गाडी चालवत ती गात होती — सूर भयंकर होता.

आता ती सकाळ.

मैदानात बरीच माणसं होती. सगळे पुरुष. गाडी एक आणि चालवणारे दोघं, म्हणून आधी मी, मग ताई, असं ठरलं होतं. पहिला जाऊन आला, की त्याने दुसऱ्यासाठी गाडी तयार करायची, टायरची हवा बघायची, ही तिथली पद्धत. मी गेलो. या वेळी फिरलो नाही, पण घाबरून इतकी हळू चालवली की खलफानचा एक दोस्त म्हणाला, “भाई, डिलिव्हरी करने आए हो?” सगळे हसले. मीही हसलो.

ताई तेव्हा मैदानात कोन्सच्या मधून पायी चालत वाट पाठ करत होती. मी हवा बघायला मागच्या चाकाशी बसलो. हवा बघितली. मग कार्पेटचा तुकडा टाकून गाडीखाली सरकलो. आणि मागच्या बारचा उजव्या बाजूचा नट पान्याने सोडला.

एवढंच. एका बाजूने सुटलेला बार म्हणजे नसलेला बार. बारला चाकाच्या बाजूला जोडणारी, आता लटकणारी काडी मी वायरने वर बांधून टाकली, आवाज येऊ नये म्हणून.

का?

हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे, की आता प्रश्नच गुळगुळीत झाला आहे. मी असं सांगू शकतो — मला तिची काळजी वाटली. दोरीच्या पलीकडे अन्वी उभी होती, पाच-सहा वर्षांची, हातात ज्यूसचा डबा. गाडी फिरली आणि ताईला काही झालं तर? हे कारण चांगलं आहे. माणुसकीचं आहे. पण अन्वी मला दिसली ती नट सोडण्याआधी, की गाडीखालून बाहेर आल्यावर? मला आठवत नाही. शपथेवर आठवत नाही. कधी चित्र असं दिसतं, की मी तिच्याकडे बघतो आणि मग पाना उचलतो. कधी दिसतं, की पाना टाकून, हात पुसत उभा राहतो आणि मग ती दिसते — आणि मला हायसं वाटतं, की चला, एक कारण सापडलं. यातलं खरं कुठलं?

की मी जिथे फिरलो तिथे ती फिरणार नाही, हेच मला नको होतं? बायकांना यंत्रांपासून लांब ठेवणाऱ्यांवर मी पानंच्या पानं लिहिली होती. तो मी, आणि गाडीखाली उताणा पडलेला मी, एकच का? की मी तिच्या गणितावर विश्वास ठेवला नाही, कारण ते एका बाईचं होतं? हे वाक्य मी दुसऱ्या कुणाबद्दल सहज लिहिलं असतं. उद्गारचिन्हासकट.

ताई हेल्मेट घालून बसली. मी खिडकीशी उभा होतो. अजून वेळ होता.

“हवा बघितलीस ना?”

“हो ताई. सगळं ओके.”

“चल मग, यल्ला,” ती म्हणाली आणि डोळा मारला.

पहिली नागमोडी वाट तिने नीट पार केली. तिला गाडी थोडी जड लागली असणार, पण तिथे वेग कमी होता. मग सरळ पट्टा, आणि टोकाला डावीकडचं वळण. तिने पाय उचलला — अगदी सरावाच्या दिवशीसारखा, शेपूट बाहेर येईल या भरवशावर. शेपूट आलं नाही. नाक सरळच गेलं. तिने स्टिअरिंग आणखी वळवलं, पुढची चाकं किंचाळली, कोन्स बॉनेटखाली गेले, आणि म्हैस पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या अडथळ्यांवर जाऊन आदळली. पाणी कारंज्यासारखं उडालं.

मग ती बाहेर आली, ओठातून थोडं रक्त येत होतं, बाकी धड होती. आणि मग हसणं. इथे लायसन्सच्या परीक्षेत आधी ड्रमच्या मधून गाडी मागे घ्यावी लागते, त्यात भलेभले नापास होतात. मागून कुणीतरी ओरडलं, “मॅडम, ड्रम टेस्ट फिर से!” पुन्हा हसणं.

ताई हसणाऱ्यांकडे बघतच नव्हती. ती वाकून पुढचे टायर बघत होती. “मागची बाजू बाहेर यायला हवी होती रे,” ती म्हणाली. मला नाही, टायरला म्हणाल्यासारखी. अन्वी रडत तिच्या पायाला येऊन चिकटली. खलफान आला. “माफी मुश्किला, कोई बात नहीं दीदी, गाडी का क्या है.” तो चांगला माणूस आहे. गिऱ्हाइकं पांगत होती. ताईने त्याला विचारलं, गॅरेजचं कसं करायचं? तो म्हणाला, “इन्शाल्ला, देखेंगे.”

इथे राहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही, की त्या इन्शाल्लाचा अर्थ काय.

आता खरं ऐका. इथपर्यंत मी गोंधळलो होतो असं म्हणू शकतो. पुढे नाही. गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली तेव्हा ताई अन्वीचं तोंड धुवायला आत गेली. मी म्हटलं, मी खालून बघतो काही तुटलंय का. सरकलो, वायर कापली, काडी जागेवर बसवली आणि नट परत आवळला. घट्ट आवळला. वायरचे तुकडे खिशात टाकले. तेव्हा हात अजिबात थरथरत नव्हते, हे मला स्वच्छ आठवतं. अन्वी आधी दिसली की नंतर हे आठवत नाही, आणि हे आठवतं.

त्यामुळे ताईने नंतर गाडीखाली शिरून बघितलं तेव्हा सगळं जागेवर होतं. मग चूक एकाच ठिकाणी असू शकत होती. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती गणित पुन्हा मांडायची. पुन्हा तेच उत्तर यायचं. “असं कसं रे?” ती विचारायची. माझ्या डब्यातली भाजी खात विचारायची. आणि एके दिवशी, ती थांबावी म्हणून — निदान मी स्वतःला तसं सांगितलं — मी म्हटलं, “ताई, बॅटरी मागे नेल्यावर मागचं वजन तू जास्त धरलंस बहुतेक. डांबरही त्या दिवशी तापलं होतं.” ते पटण्यासारखं नव्हतं. तिच्यासारखीला तर मुळीच नाही. पण दुसरं काही उरलंच नव्हतं. “असेल,” ती म्हणाली. “माझंच चुकलं असेल.” तिने डबा ओढून घेतला आणि जेवली. खाबुऱ्याला ती पुन्हा गेली नाही.

मी गप्प बसलो असतो तरी बरं झालं असतं. मी लेख लिहिला.

तुमच्यापैकी काहींनी तो वाचला असेल, बराच फिरला. त्या मैदानावरच्या हसण्यावर होता. पुरुषांच्या त्या हसण्याला मी फाडून खाल्लं होतं. आणि शेवटी होतं — बाईला जिंकण्याचा हक्क मागून भागणार नाही, तिला चुकण्याचाही हक्क हवा! लोकांनी ते वाक्य उचललं. मंडळाच्या फलकावर लागलं. बाबांनी ते वाचून मला जवळ घेतलं. त्यांनी तसं क्वचितच घेतलं असेल. ताईने सगळ्यांसमोर माझे आभार मानले. म्हणाली, “त्या दिवशी माझ्या बाजूने एकटा हाच उभा होता.”

मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

त्यानंतर मंडळाच्या वंदनेला बसलो की पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला — खोटं न बोलण्याच्या — माझा आवाज आपोआप खाली जातो. आधी वाटलं, कुणाच्या तरी लक्षात येईल. येत नाही. सगळे एकत्र म्हणत असतात.

मग आत्ताच का लिहितो आहे? एवढी वर्षं पचवलं, पुढेही पचलं असतं. यंदाच्या जयंतीच्या कार्यक्रमात मुलांची भाषणं होती. अन्वी आता बरीच मोठी झाली आहे. तिची मराठी इथल्या पोरांसारखीच, अडखळणारी — शब्द आधी इंग्रजीत शोधून मग इकडे आणते. विषय होता ‘माझी आई’. तिने माझा लेख पाठ केला होता. स्टेजवर सरळ उभी राहून, एकेक शब्द जपून ठेवत ती म्हणाली, “माझी आई... गाडीचं गणित करायला गेली. माझी आई चुकली. पण चुकणं... हा तिचा हक्क आहे.” हॉल टाळ्यांनी भरून गेला. ताई पहिल्या रांगेत होती. तीही टाळ्या वाजवत होती, आणि हसत होती. तिला लेकीचा अभिमान वाटत होता. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. मीही वाजवल्या.

हे ताईला आधी एकटीला सांगायला हवं होतं का? अमेरात काही लांब नाही. तिच्या दाराशी जाऊन आलो आहे, चहा पिऊन, डक्टवर बोलून परत आलो आहे. तोंडातून निघत नाही, आणि कागदावर निघतं — ही आणखी एक भित्री गोष्ट आहे की पहिलीच सरळ गोष्ट, तेही मला ठरवता येत नाही. ती हे तुमच्याबरोबरच वाचेल. काय म्हणेल याचा अंदाज करायचा मला हक्क नाही, म्हणून करत नाही.

शेवटच्या ओळी अन्वीसाठी. तिला कुणाची मदत न घेता वाचता याव्यात, म्हणून सोप्या लिहितो.

अन्वी, तुझी आई चुकली नव्हती. गाडीचा नट सुजातमामाने सोडला होता, आणि मग तो खोटं बोलला. तुझ्या आईचं गणित बरोबर होतं.